मुलीला ‘खरा’ मोगली कसा दाखवू?

ताई, नमस्कार.

प्रश्न ऐकून हसाल, पण आमच्या घरात यावरून आठवडाभर धुसफूस चालली आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या वयाचा असताना मी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायचो. गाणं कानावर पडलं की आंघोळ अर्धी टाकून टीव्हीसमोर. यंदाच्या सुट्टीत ठरवलं, लेकीला मोगलीची ओळख अगदी पद्धतशीर करून द्यायची. आधी किपलिंगच्या गोष्टी मी मराठीत सांगणार, मग रशियन चित्रपट, मग चक जोन्सचा छोटा सिनेमा, मग माझी लाडकी जपानी मालिका, आणि डिस्नेचा अगदी शेवटी, कारण तो पुस्तकापासून सगळ्यांत लांब गेलेला. तक्ता करून फ्रिजवर लावला. समारोप पेंचच्या सहलीने.

घोळ असा झाला की डिस्नेचा चित्रपट तिने मैत्रिणीकडे आधीच पाहिला होता. बल्लूवर तिचा जीव जडलाय आणि ‘का’ या अजगराची तिने धास्ती घेतलीय. मी समजावलं की अगं, खरा ‘का’ मोगलीचा दोस्त असतो, खरा बल्लू कडक मास्तर असतो, खऱ्या गोष्टीत माकडांना राजाच नसतो. ती रडली आणि म्हणाली, ‘तुझा मोगली तुझ्याकडेच ठेव.’ मग मी मालिका लावली. दुसऱ्या भागाच्या मध्यातच उठून गेली. ‘सारखं तेच झाड दाखवतात’ म्हणे. वाईट याचं वाटलं की तोवर मलाही कंटाळा आला होता. बायको म्हणते, तू तिला कार्टून दाखवत नाहीयेस, तिची परीक्षा घेतोयस. त्यात पुस्तक मी पहिल्यांदाच मन लावून वाचलं, तर त्यातला साहेबी तोरा खटकला. आता वाटतं, सगळंच सोडून द्यावं का? की क्रम चुकला? आधी पुस्तक की आधी पडदा?

– एक हिरमुसलेला बाबा

* * *

वहिनींचं बरोबर आहे. ते एकदा मान्य करून टाका, म्हणजे पुढचं बोलायला आपण मोकळे. फ्रिजवरचा तक्ता आज रात्री लेक झोपल्यावर गुपचूप काढा. तो कुठे गेला म्हणून कुणीही विचारणार नाही.

आता तुमच्या ‘खऱ्या’कडे येते. डिस्नेला तुम्ही रांगेत शेवटी उभं केलंत, कारण तो पुस्तकाशी इमानी नाही. हीच पट्टी तुमच्या मालिकेला लावून बघा. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४चं आणि त्याचा दुसरा भाग १८९५चा. दोन्ही पुस्तकं मिळून गोष्टी १५, त्यांतल्या मोगलीच्या फक्त ८. बाकीच्यांत सील आहे, मुंगूस आहे, हत्तींचा नाच बघणारा माहुताचा पोरगा आहे, पलटणीतली जनावरं आहेत. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये टीव्ही तोक्योसाठी मालिका केली ती ५२ भागांची. आठ गोष्टींतून बावन्न भाग काढायचे म्हटल्यावर काय होणार? पात्रं घुसवली, प्रसंग ताणले, नवी भांडणं लावली. मोगलीच्या पायात पायात करणारा तो किची आठवतो ना? तो लाल पांडा. हा प्राणी पूर्व हिमालयाच्या थंड रानात राहतो, मोगलीची गोष्ट घडते त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या सागवानात त्याचं काय काम? मोगलीच्या हातात बूमरँग कुठून आलं हे तर विचारूच नका. यातलं काहीही तुम्हाला तेव्हा खटकलं नाही, आणि खटकायला नकोच होतं.

मजा पुढेच आहे. तुमच्या मनात जो मोगली इतका घट्ट बसलाय, त्याचा मोठा हिस्सा ना किपलिंगचा, ना जपानचा. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची. जपानी मालिकेत ते नव्हतंच, आपल्याकडे ती दाखवायची ठरली तेव्हा ते तयार झालं. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी आंघोळ सोडून पळत होतात ते एका हिंदी कवीने आणि एका मराठी नटाने जपानी चित्रांवर चढवलेलं होतं, आणि ती चित्रं एका इंग्रजाच्या गोष्टींवरून काढलेली होती. (तो इंग्रजही जन्माने मुंबईचाच, १८६५चा. जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात त्याचा जन्म झाला, वडील तिथे शिकवायचे.) यातला ‘खरा’ मोगली कोणता, हे मला तरी सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही, आणि आठ वर्षांच्या मुलीला ते सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

पण म्हणून सगळी रूपांतरं सारखीच चांगली, असंही नाही. मी पट्टी वेगळी लावते. या माणसांनी पुस्तकातली कोणती गोष्ट मनावर घेतली, आणि जिथे बदल केला तिथे हातातलं काही गमावलं का, एवढंच बघते. तुम्हीही मोठ्या माणसाच्या नजरेने हे चित्रपट पुन्हा बघणार असाल, तर तसं बघा. लेकीला सध्या यातलं काही सांगायची गरज नाही.

डिस्नेपासून सुरुवात करू, कारण लेकीचं दैवत तिथे आहे. कथेवर काम करणाऱ्या लॅरी क्लेमन्सच्या हातात वॉल्ट डिस्नेने पुस्तक दिलं आणि पहिली सूचना केली की हे वाचू नकोस, असा किस्सा सांगतात. त्याआधी स्टुडिओतल्याच बिल पीट या कथालेखकाने पुस्तकाच्या बरंच जवळचं, गंभीर आणि काळोखं कथानक रचलं होतं. ते वॉल्टला पसंत पडलं नाही आणि पीट स्टुडिओ सोडून गेला. चित्रपट ऑक्टोबर १९६७ मध्ये आला, तोवर वॉल्टला जाऊन दहा महिने झाले होते. बल्लूचं काम सुरुवातीला लहानसंच होतं, फिल हॅरिसचा आवाज मिळाल्यावर ते फुगत गेलं. पुस्तकातला बल्लू जंगलाचा कायदा पाठ करून घेणारा, चुकलं की पंजा मारणारा. त्याच्या मारामुळे पोराच्या तोंडावर वळ उठलेत म्हणून बगीरा त्याला सुनावतो. डिस्नेने या मास्तरचा शाळा बुडवणारा मामा केला. पुस्तकवाल्यांना हे पाप वाटतं. मला वाटतं, त्यांनी एक नातं मनावर घेतलं: स्वतःचं पोर नसलेला, जबाबदारीला भिणारा एक मोठा माणूस, आणि त्याला लागलेला पोराचा लळा. मोगलीला माणसांत परत पाठवायला हवं हे बगीरा बल्लूला पटवतो आणि ते पोराला सांगायची वेळ बल्लूवर येते, तो प्रसंग पुस्तकात नाही. पण पुस्तकाचा जो गाभा आहे, की हे पोर आपलं आहे आणि तरी आपलं राहणार नाही, तो तिथे नेमका सापडतो. तुमच्या मुलीला बल्लू का आवडला याचं उत्तर त्या दोन-तीन मिनिटांत आहे.

माकडांच्या राजाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. पुस्तकात बंदर-लोगांचा दोषच हा, की त्यांना ना राजा, ना कायदा, ना काल काय ठरवलं त्याची आठवण. डिस्नेने त्यांना राजा दिला आणि तोही ओरांगउटान, जो सुमात्रा-बोर्निओ सोडून कुठे आढळत नाही. पण त्या राजाला आवाज देणारा लुई प्रिमा गायला लागतो आणि तक्रार करायला तोंड उरत नाही. हाथी मात्र मला आवडतो. पुस्तकात तो जंगलाचा धीरगंभीर, मोजकं बोलणारा जुना मालक आहे. पडद्यावर तो पदकांच्या गोष्टी सांगणारा निवृत्त कर्नल झाला. साहेबी तोऱ्याची टिंगल किपलिंगच्या गोष्टीवरच्या चित्रपटात सापडावी, ही गंमतच आहे. तुम्हाला पुस्तकात जे खटकलं त्याला एक उत्तर तिथे आहे.

‘का’च्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. तो मित्राचा शत्रू झाला याचं मला दुःख नाही. त्या बदलापायी त्यांनी दोन्ही पुस्तकांतला सर्वांत चांगला प्रसंग हातचा घालवला, याचं आहे. तुम्ही आता वाचलंच आहे, पण कुठे जायचंय त्यासाठी पुन्हा सांगते. माकडं मोगलीला पळवून पडक्या राजधानीत नेतात. बल्लू आणि बगीरा दोघेही त्यांच्यापुढे तोकडे पडतात, म्हणून ज्याला सगळं जंगल भितं त्या अजगराकडे मदत मागायला जातात. लढाईत बगीराला जीव वाचवायला पाण्याच्या टाक्यात उडी घ्यावी लागते. ‘का’ भिंत फोडून मोगलीला सोडवतो आणि मग चांदण्यात नाचायला लागतो. माकडं खिळतात. बल्लू आणि बगीरासुद्धा खिळतात, पाऊल आपोआप पुढे पडायला लागतं. मोगलीने खांद्यावर हात ठेवला म्हणून ते वाचतात. मोगलीला मात्र काहीही होत नाही. तो माणसाचा पोर. त्याला एवढंच दिसतं की एक मोठा साप उगाच गोल गोल फिरत होता आणि भिंतीवर आपटून त्याचं नाक सुजलं होतं. डिस्नेत हाच ‘का’ मोगलीच्याच डोळ्यांत रंगीत चक्रं फिरवतो.

आता बघा, तुमच्या मुलीला त्या डोळ्यांची भीती बसलीय, आणि त्या भीतीवरचं औषध किपलिंगने लिहूनच ठेवलंय. पण तुम्ही ते औषध ‘तू चुकीचं पाहिलंस’ या वेष्टनात दिलंत. कोण घेईल? येत्या दोन-चार दिवसांत रात्री झोपताना म्हणा, ‘का’ची अजून एक गोष्ट आहे, ऐकायची का? ‘खरी’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. पुस्तक हातात घेऊ नका. नाचाचा भाग सावकाश सांगा, बल्लूचं पाऊल सरकतं तिथे थांबा. सुजलेल्या नाकापाशी ती हसली तर काम झालं. शेवटी बगीरा मोगलीला सहा टपल्या मारतो, कारण माकडांशी बोलायला जाऊन त्याने सगळ्यांना संकटात लोटलेलं असतं, आणि टपल्या खाल्ल्या की विषय संपतो, जंगलात कुणी धुसफूस लांबवत नाही. हा भाग गाळू नका. यात तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठी काहीतरी आहे.

रशियन चित्रपटावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या जंगल बुकांत तोच सरस. गंमत म्हणजे त्याचा पहिला भाग १९६७चाच, म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत बल्लू नाचत होता त्याच वर्षी मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या स्टुडिओत रोमान दाविदोव्ह हा मोगली चितारत होता. १९७१ पर्यंत एकेक करून पाच छोटे भाग आले आणि १९७३ मध्ये ते जोडून एक पूर्ण चित्रपट झाला. संगीत सोफिया गुबाईदुलिना यांचं, ज्या पुढे जगातल्या मोठ्या संगीतकारांत गणल्या गेल्या. इथे बगीरा मादी आहे. रशियन अनुवादातच ती तशी होती आणि रशियन मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिला बाई म्हणूनच ओळखतात. लुद्मिला कासात्किनाचा आवाज, आळस देत पसरणारी, लाडिक आणि क्षणात जीवघेणी. मूळ बगीरा नर आहे म्हणून कुरकुरणारे आहेत. मला विचाराल तर या एका बदलाने मोगलीला आणखी एक आई मिळाली आणि गोष्टीतलं काहीच गमावलं नाही. माझी पट्टी काय करते ते इथे दिसतं.

या चित्रपटाने मनावर घेतलाय तो कायदा आणि मरण. लांडग्यांचा म्होरक्या अकेला, त्याचं म्हातारपण, नेम चुकला की टोळीने फिरवलेली पाठ, रानकुत्र्यांशी लढाई, अकेलाचं जाणं, आणि मोठ्या झालेल्या मोगलीचं जंगल सोडणं. डिस्नेने हे सगळं वगळलं. रशियनांनी विनोद वगळला, तोही जवळजवळ पूर्ण. पुढच्या भागांत मोगली पिळदार शरीराचा, पुतळ्यासारखा वीर होतो आणि पोरगेलेपणा हरवतो. हा त्याचा उणा भाग. म्हणून तुमच्या लेकीला पाचही भाग एका दमात नकोत. दुसरा भाग, माकडांनी पळवण्याचा, आधी दाखवा. त्यात ‘का’चा नाच आहे, आणि तो तिने तुमच्या तोंडून ऐकलेला असेल. लढाई वर्ष-दोन वर्षांनी. भाषेची काळजी करू नका. आठ वर्षांच्या मुलाला खालच्या ओळी वाचत चित्र बघायला लावणं हा छळ आहे. तुम्ही शेजारी बसून मराठीत बोला. बल्लूला तुमचा आवाज, बगीराला वहिनींचा. वहिनी तयार होतील असं त्यांच्या टोमण्यावरून वाटतं, जीभ चांगली आहे.

चक जोन्सचं थोडक्यात. १९७५ आणि १९७६ मध्ये त्याने अमेरिकी टीव्हीसाठी किपलिंगच्या तीन गोष्टी अर्ध्या-अर्ध्या तासात बसवल्या. मुंगसाची, पांढऱ्या सीलची आणि मोगलीची पहिली गोष्ट. मोगलीच्या भागात पुरुष पात्रांचे जवळपास सगळे आवाज एकट्या रॉडी मॅकडॉवलचे आहेत. पुस्तकाशी इमान म्हणाल तर हाच सगळ्यांत इमानी, आणि बघा, तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षरही उत्साहाचं नाही. इमान एकटं पुरत नाही ते असं. मुंगसाचा मात्र जरूर दाखवा. ऑर्सन वेल्सच्या आवाजात कथन आहे, नाग-नागीण आहेत, आणि मुलांना मुंगूस कधी निराश करत नाही.

राहिली तुमची मालिका. तुम्हाला कंटाळा आला यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. टीव्हीसाठी दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर चित्रं काटकसरीने काढावी लागतात. मागचं रान तेच, धावणारे पाय तेच, बोलताना फक्त ओठ हलतात. तुमच्या मुलीने ओळखलेलं झाड खरोखर तेच झाड असणार, तिची नजर चांगली आहे. तेव्हा हे तुम्हाला दिसलं नाही, कारण दोन भागांच्या मध्ये आठवडा होता. अख्खा आठवडा तुम्ही आणि शाळेतली पोरं मिळून पुढे काय होईल ते ठरवत होतात, मारामाऱ्या खेळत होतात, शेरखानसारखं बोलून दाखवत होतात. गोष्टीचा अर्धा भाग तिथे घडत होता. आता तुम्ही एकामागोमाग एक भाग लावता आणि तो अर्धा भाग कुठे गेला म्हणून शोधता. तो त्या फितीत कधीच नव्हता.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. आपण लहानपणी फार सुखात होतो, याला मुलीची साक्ष काढायची नाही. तिला मालिका आवडली असती तर तुम्हाला जे मिळालं असतं ते तिच्याकडून घेण्यासारखं नाही. मालिका बघायचीच असेल तर एकट्याने बघा, रविवारी एकच भाग. चित्र कंटाळवाणं वाटलं तर डोळे मिटून नुसते नाना ऐका. ती जाता-येता थांबली तर सरकून जागा द्या, ‘बघ, बघ’ म्हणू नका. गाणं तेवढं मोकळेपणाने लावा, त्यात परीक्षा घेण्यासारखं काही नाही आणि ते आजही कोणत्याही मुलाच्या तोंडी दोन मिनिटांत बसतं. डिस्नेने २०१६ मध्ये नवा ‘जंगल बुक’ आणला तेव्हा हिंदीसाठी पुन्हा तेच गाणं आणि पुन्हा तेच नाना घेतले. म्हणजे तुमच्या पिढीची आठवण बाजारालाही ठाऊक आहे.

आता साहेबी तोरा. हा प्रश्न तुम्ही शेवटी, घाईत विचारलात, पण सगळ्यांत वजनदार तोच आहे. तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. किपलिंगने या गोष्टी अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिल्या. सिवनीचं जंगल त्याने पाहिलेलं नव्हतं. ते त्याने इतरांच्या लिखाणातून घेतलं, त्यात स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं १८७७चं सिवनीवरचं पुस्तक मुख्य. त्यामुळे रान कल्पनेचं आहे आणि गाव पूर्वग्रहाचं. गावकरी म्हणजे भित्रे, चेटकाचा आळ घेऊन दगड मारणारे. बलदेव शिकारी म्हणजे थापाड्या. मोगलीला पोटच्या पोरासारखं घरात घेणारी मेसुआ आणि तिचा नवरा, त्यांना न्याय हवा तर तो खान्हीवाड्याच्या इंग्रजांकडे. आणि मग मोगली हाथीला सांगून अख्खं गाव जंगलाच्या पोटात घालतो. मोठेपणी मोगली वनखात्याच्या साहेबाच्या हाताखाली नोकरीला लागतो, अशी एक गोष्टही किपलिंगने आधीच, १८९३ मध्ये लिहून ठेवली होती. डिस्नेत या गावाची जागा घागर घेतलेल्या एका मुलीने घेतलीय. सोपं पडतं ते.

म्हणून पुस्तक बंद करावं का? मी करणार नाही. तुम्ही मराठीत सांगताय, हा तुमचा मोठा फायदा आहे. कोणती गोष्ट आत्ता आणि कोणती नंतर, हे सांगणाऱ्याच्या हातात असतं. गाव उद्ध्वस्त होतं ती गोष्ट आठव्या वर्षी नको. शेरखानला म्हशी-रेड्यांच्या कळपाखाली चिरडण्याची चालेल, ती थरारक आहे. त्यात गावकरी मोगलीला हाकलतात. तेव्हा ती विचारेल, गावातली माणसं अशी का वागतात? सरळ सांगा, ज्याने ही गोष्ट लिहिली तो राज्यकर्त्यांच्या घरातला होता, गावातल्या माणसांना तो नीट ओळखत नव्हता. एवढं एक वाक्य पुरे. पुढचं ती दहा वर्षांनी स्वतः शोधेल आणि तुम्हालाच शिकवेल. आज त्यावर व्याख्यान दिलंत तर ते फ्रिजवरच्या तक्त्याचं दुसरं टोक होईल.

रानकुत्र्यांची गोष्ट तूर्त तुम्ही स्वतःसाठी पुन्हा वाचा, मोठ्याने. माझ्या मते किपलिंग याहून चांगलं फारसं लिहून गेला नाही. हे कुत्रे, म्हणजे आपले कोळसून, येतात ते दख्खनमधून. सिवनीच्या लांडग्यांना आपल्याकडच्यांची धास्ती, हे वाचून मला दर वेळी उगाच बरं वाटतं. मोगली त्यांना आग्या मोहोळांच्या कड्यावरून धावायला लावतो, अंगाला रानलसूण चोळून, आणि खाली वैनगंगेत उडी मारतो. पाण्यात त्याला झेलायला ‘का’ असतो. हीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे येते. ही गोष्ट कोणत्याही पडद्यावर पूर्ण उतरलेली नाही, रशियनांच्याही नाही. तुमच्या प्रश्नाला, आधी पुस्तक की आधी पडदा, माझं खरं उत्तर इथे आहे: काही गोष्टींना पडदा पुरत नाही आणि काहींना पुस्तक पुरत नाही. गुलजारांचं गाणं किपलिंगला लिहिता आलं नसतं. क्रम तुमच्या लेकीचा डिस्नेपासून सुरू झालाय, तोच पुढे चालू द्या.

पेंचला जरूर जा, पण समारोप म्हणून नको, सहल म्हणून. पावसाळ्याचे महिने मुख्य जंगल बंद असतं, त्याच्या आधी किंवा दिवाळीच्या सुट्टीत बेत करा. एक बाजू मध्य प्रदेशात सिवनी-छिंदवाड्याकडे आहे, दुसरी आपल्या नागपूर जिल्ह्यात. दोन्हीकडे चितळ, वानर, रानगवे भरपूर. लांडगा दिसेल अशा आशेवर तिला ठेवू नका, तो दाट झाडीपेक्षा माळरानावर रमणारा प्राणी आहे, किपलिंगने तिथेही सोय बघितली. वाघ दिसला तर दिसला. कोळसुनांची टोळी दिसायची शक्यता बरी असते, आणि ती दिसली तर जिप्सीत बसून किपलिंग सांगायला लागू नका. गाइड ओरडेल.